दंडावरची बोटं

वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला तिने हात उंच केला, सैल बाही खांद्यापर्यंत घसरली, आणि तिच्या दंडावर त्याला एक हात दिसला. हात नव्हे, हाताची खूण. चार जांभळे डाग ओळीने, आणि आतल्या अंगाला, जरासा खाली, एकटाच पाचवा. कप त्याच्या ओठांशी होता तो तिथेच थांबला. चहाची वाफ डोळ्यांत गेली, पाणी आलं, तरी डाग काही पुसट झाले नाहीत.

“हे काय लागलं तुला?” त्याने विचारलं.

“कुठे?” तिने मान मुरडून दंडाकडे पाहिलं. “अगंबाई! मला पत्ताच नाही.” मग ती हसली. “तुम्हीच मळलं असेल झोपेत. दुसरं कोण येणार?”

ही त्यांच्या घरातली जुनी थट्टा होती. तो बेकरीत पीठ मळायचा. मालकाने मळायचं यंत्र आणलं होतं, पण साध्या पावाचं पीठ अजून त्याच्याच हातून जाई, कारण गिऱ्हाईक म्हणे की यंत्राच्या पावाला जीव नसतो. बेकरीत त्याला सगळे वस्ताद म्हणत. पहाटे जायचं, दुपारी यायचं, जेवून आडवं व्हायचं. ती बालवाडीत शिकवायची, पोरं घरोघर पोचवून तीही तेवढ्यात येई आणि त्याच्या शेजारी घटकाभर पडे. लग्न नवं असताना तिनेच पहिल्यांदा पाहिलं होतं की नवऱ्याला डोळा लागला की त्याची बोटं चालू लागतात. आत वळतात, दाबतात, सोडतात. कधी उशी हाती लागे, कधी चादर, कधी तिचा हात. “आमच्याकडे जादा कामाचा पगार मिळत नाही,” ती आपल्या ताईला सांगे, “पण काम मात्र झोपेतही चालू असतं.” दोघी बहिणी पोट धरून हसत. तोही हसे. थट्टा म्हणजे घरातलं मांजर. पायात घुटमळतं, आपण त्याला दूध घालतो, आणि त्याला नखं आहेत हे आपल्या लक्षातही राहत नाही.

त्या दिवशी पिठाच्या गोळ्यात मनगटापर्यंत हात घातल्यावर मात्र त्याला आपल्या हातांची शिसारी आली. पीठ निमूट होतं. आपटलं की आपटून घेत होतं, ओढलं की लांबत होतं. त्याने आपली बोटं निरखून पाहिली. जाड, आखूड, टोकाला चपटी. अंगठा तर लाकडी पाचरीसारखा. हे अंगठे त्याचे नव्हते, त्याच्या बापाचे होते. बापही याच कामातला. त्याच्या हाताची सगळ्या गल्लीला तारीफ, की असा हात पुन्हा होणे नाही. आणि त्या हाताच्या घरात आई भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं घालून वावरे. शेजारणीने विचारलं की म्हणे, “भट्टीचं दार लागलं हो.” शेजारीण मान हलवी. पोरगा दाराआड उभा राहून ऐके. आई भट्टीवर कधी गेलीच नव्हती. पण पोराच्या मनात जे रुतून बसलं होतं ते मारणं नव्हे. मारताना बाप कसा दिसायचा हे त्याला आठवतही नव्हतं. आठवत होती ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. बाप दारू उतरून शुद्धीवर, अंघोळ केलेला, केस विंचरलेला, कप तोंडाशी नेता नेता थांबे आणि बायकोच्या हाताकडे पाहून अगदी मनापासून, अगदी कळवळून विचारी: “हे काय लागलं तुला?”

त्याच्या हातातलं पीठ थांबलं. शेजारी साच्यातून पाव सोडवणारा लंब्या म्हणाला, “काय वस्ताद, पिठात अंगठी पडली का?”

“नाही.”

“मग एवढं बघताय काय? पीठ आहे ते, बायको नव्हे. रुसत नाही.”

एरवी त्याने लंब्याच्या पाठीत पांढरा पंजा उठवला असता. आज त्याने हात फडक्यात गुंडाळले.

दुपारी ती झोपल्यावर तो उठून बसला आणि हळूच तिची बाही वर केली. पीठ फुगलं की नाही हे बघायला बोट रुतवायचं, खळगा हळूहळू भरून आला की समजायचं पीठ तयार आहे. जन्मभर हातात भिनलेली ही रीत. त्याने तिच्या दंडाला, डाग नव्हता तिथे, बोट टेकलं. कातडी पांढरी झाली, बोट उचलताच पुन्हा लाली धावत आली. जिवंत माणसाची कातडी अशी ओ देते. मग त्याने डागावर बोट ठेवलं. दाबलं. उचललं. काही झालं नाही. पांढरं नाही, लाल नाही, जांभळं ते जांभळंच. डाग बहिरा होता. त्याला हाक ऐकू येत नव्हती. आणि मग त्याने जे करायला नको होतं ते केलं. आपली चार बोटं त्या चार डागांवर आणि अंगठा पाचव्यावर, न टेकवता, केसभर वर धरून पाहिला. माणसाच्या मनाला जे पाहायचं असतं ते डोळे त्याला दाखवतातच. हात तंतोतंत बसला.

त्या संध्याकाळपासून तो बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपू लागला. पाठ दुखते म्हणाला. “पाठ दुखते का मी घोरते?” तिने विचारलं. तो म्हणाला, “आतून कडी लावून घे.”

“का? घरात चोर आहे?”

“लाव म्हटलं ना!”

आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. किंवा फार चांगला ओळखू आला. ती आत गेली. कडीचा आवाज झाला. त्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि डोळे मिटले, आणि देवाला म्हणाला, मला जागं ठेव. पण पहाटे उठणाऱ्या माणसाची झोप देवाचंही ऐकत नाही.

पहाटे तिच्या दोन्ही नडग्यांवर बारीक लाल ठिपके होते, पावावर खसखस पेरावी तसे, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. आणि मांडीवर एक नवा डाग, तळहाताएवढा, मधे जवळजवळ काळा. त्याला वाटलं, चला, सुटलो. कडी आतून होती. मग हे माझं नव्हे. एवढा हलका तो कित्येक दिवसांत झाला नव्हता. “कडी होती ना रात्रभर?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“होती की. मधे पाणी प्यायला उठले होते, मग लावली का नाही कोण जाणे. डोळ्यांवर झोप होती.”

म्हणजे कडी उघडी होती. मांडीखालून हात कधी सुटले हे त्याला आठवेना. आठवेना, हेच तर. बापालाही आठवत नसे.

दिवस जात होते आणि डाग रंग बदलत होते. जांभळ्याचा निळा, निळ्याचा हिरवट, हिरवटाचा पिवळा, आणि पिवळा विझतो न विझतो तोच दुसरीकडे नवा जांभळा. तो आता तिच्या अंगाचा हिशेब डोळ्यांनी चोरून ठेवू लागला. शेक द्यायला त्याने वीट गरम केली, फडक्यात गुंडाळून तिच्या हाती दिली, स्वतः लावली नाही. तिचं अंग ठणकायचं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या, तीही बिचारी सकाळ-संध्याकाळ घेत राहिली. “डॉक्टरकडे जाऊ,” असं तो म्हणे, आणि ती म्हणे, “काय सांगू त्यांना? नवरा झोपेत पीठ मळतो? हसतील मला.” मग आवाज उतरवून म्हणे, “आणि हसले नाहीत तर?” तिने बालवाडीत लांब बाह्यांचा स्वेटर घालायला सुरुवात केली होती. एका चिमुरडीने तिची बाही ओढून विचारलं, “बाई, तुम्हाला कोणी मारलं?” हे तिने त्याला हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता मधेच थांबली.

रविवारी ताई आली. ही तिची थोरली बहीण, जिभेने तिखट आणि मायेने आंधळी. तिने स्वेटर पाहिला, बहिणीचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता बाही वर केली.

“हे काय गं?”

“दार लागलं, ताई.”

दार. तो खिडकीपाशी उभा होता. त्याला वाटलं आपल्या मागे आई बोलली. तोच सूर, तीच घाई, वाक्याच्या शेवटी तोच छोटासा हसरा श्वास. बायकांना हे वाक्य कोण शिकवतं? ते घरातच असतं का, भिंतीच्या ओलीसारखं, नवी माणसं राहायला आली तरी आतून फुटून वर येणारं?

“एवढी दारं आहेत तुमच्या दोन खोल्यांत?” ताई त्याच्याकडे वळली. “काय हो पावणे? तुम्ही बोला ना. का पीठ भरलंय तोंडात?”

“ताई, त्यांना काही बोलू नकोस. ते मुंगीला मारणार नाहीत.”

“मुंगीची चौकशी नाही केली मी.” ताईने पर्स उचलली. “हे बघा, आमच्या बापाने तिला फुलासारखी वाढवली. पुन्हा असं काही दिसलं तर पाहुणी म्हणून येणार नाही मी.”

ती गेल्यावर बायको त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, “मनावर घेऊ नका. मला माहितेय, तुम्ही जाणूनबुजून काही करत नाही.” त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. क्षमा होती. याचा अर्थ तिने सगळं गृहीतच धरलं होतं. थट्टेतली गोष्ट तिने कधीच खरी मानली होती, आणि त्याला पोटात घातलं होतं, आणि त्याला वाचवण्यासाठी ती स्वेटरच्या आत गप्प बसली होती. माराला माणूस उलटून उत्तर देऊ शकतो, क्षमेला काय देणार? तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडला, आणि नखांत अडकलेलं पीठ ब्रशने खरवडत बसला. पीठ निघालं. तो खरवडतच राहिला.

मग सुटीच्या एका सकाळी तिने पावाचा तुकडा चावून ताटलीत ठेवला, तर त्याच्या पांढऱ्या गाभ्यावर दातांची लाल कमान उमटली होती. तिने जीभ फिरवली, रुमालाला पुसलं, रुमाल लाल. “हिरडी असेल,” ती म्हणाली. पण तिचा आवाज पातळ झाला होता. पाव त्याच्या हातचा होता. त्यावर रक्त पाहून त्याला एखाद्या भयंकर नैवेद्याची आठवण झाली. आणि मग नाकातून एक थेंब टेबलावर पडला, त्यामागून दुसरा, आणि थेंबांनी मग थांबायचं नावच घेतलं नाही. झोपेत हात जातात, दंडापर्यंत जातात, मांडीपर्यंत जातील. हिरडीच्या आत कसे जातील? हा विचार त्याच्या डोक्यात आला, पण त्याला त्यावर विश्वास ठेवायचा धीर होईना. त्याने तिच्या खांद्यावर शाल टाकली, हात न लावता, वरून सोडल्यासारखी, आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीण चष्मा कपाळावर चढवून बसली होती, उमर झालेली, बोलणं मोजकं. तिने नाकात बोळा कोंबला, बाह्या वर केल्या, पाय पाहिले, आणि मग त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे नव्हे, हातांकडे.

“तुम्ही जरा बाहेर थांबा.”

“मी नवरा आहे हिचा.”

“म्हणूनच.”

बाहेर बाक होतं. दार बंद झालं. काचेमागे दोन धूसर आकृत्या बोलत होत्या, आणि शब्द कळत नव्हते, फक्त बायकोच्या आवाजातली नकाराची घाई कळत होती. नाही हो, नाही, तसं नाही. तो हात जोडून बसला. लहानपणी आई म्हणे, देवाकडे मागताना नीट मागावं, तो शब्दाला शब्द देतो. भजनाला बसलं की तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढे, लांब बाह्यांतून टाळ्या वाजत. तेव्हा ती काय मागत असेल? आणि बाकावर बसल्या बसल्या त्याच्या छातीतून एक मागणं वर आलं. शब्द त्याने जुळवले नव्हते, ते आपोआप जुळून आले, अगदी नीट, अगदी स्वच्छ. देवा, हिला रोग असू दे. मोठा असला तरी चालेल. पण हे माझे हात नसू देत. मागून झालं आणि मग त्याला ऐकू आलं की आपण काय मागितलं. त्याने शब्द परत घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात दार उघडलं.

“आत या. हे बघा.”

रक्तदाब मोजायचा पट्टा बायकोच्या उजव्या दंडाला गुंडाळलेला होता. डॉक्टरणीने तो नुकताच सैल केला होता. पट्ट्याच्या खाली, कोपरापासून मनगटापर्यंत, त्याच्या डोळ्यांदेखत बारीक लाल ठिपके उगवले होते, आणि आणखी उगवत होते, पहिल्या सरीने धूळ टिपक्या-टिपक्यांनी भिजावी तसे. कोणी हात लावला नव्हता. डॉक्टरणीने काचेचा तुकडा त्या ठिपक्यांवर दाबून धरला. काचेखाली सगळी कातडी पांढरी पडली, ठिपके लालच राहिले.

“याला पर्प्युरा म्हणतात. हे रोगाचं नाव नाही, खुणेचं आहे. रक्त नळीबाहेर येऊन कातडीखाली साचलंय, एवढाच त्याचा अर्थ. का आलं ते शोधायचं. कधी नळ्याच सुजतात, कधी एखादं औषध सोसत नाही, कधी रक्त धरून ठेवणाऱ्या पेशी, प्लेटलेट, कमी पडतात. मधे ताप आला होता का यांना?”

“सर्दी-ताप झाला होता,” बायको म्हणाली. “बालवाडीत पोरांना होता, मला लागला. बरा झाला मग.”

“ताप गेला, पण तापाशी लढायला उठलेले पहारेकरी अजून काठ्या घेऊन फिरतायत. चोर सापडत नाही, म्हणून घरच्याच माणसांना झोडपतायत. प्लेटलेट त्यात मरतात. रक्त तपासल्यावर नक्की कळेल, पण मला तसंच दिसतंय.” मग तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. “कोणत्या गोळ्या घेतल्या?”

त्याने खिशातली पट्टी काढून दिली. तिने ती उलटी करून पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली, लांब. “कोणी दिल्या?”

“मी आणल्या. ठणकायचं म्हणून.”

“या दुखणं थांबवतात, आणि उरलेल्या प्लेटलेटचेही हात बांधून ठेवतात. यापुढे एकही नाही.”

तो उभा होता. खुणा त्याच्या हातांच्या नव्हत्या. कोणी मारलं नव्हतं, कोणी मळलं नव्हतं. आनंदाची एक लाट त्याच्या गुडघ्यांपासून वर आली, इतकी जोराची की त्याने टेबलाची कड धरली; आणि ती लाट गळ्यापर्यंत पोचली तेव्हा त्याला उमगलं की आपलं मागणं मंजूर झालं आहे. शब्दाला शब्द.

अहवाल आला. डॉक्टरणीने प्लेटलेटचा आकडा वाचला आणि तो त्यांना न सांगता कागद पालथा ठेवला. लगेच भरती केलं. स्टेरॉइड सुरू केलं. त्याने पहारेकरी शांत होतील, चेहरा सुजेल, भूक वाढेल, झोप उडेल, पण बहुतेक उतार पडेल. नाहीच पडला तर शिरेतून दुसरं औषध, आणि तेही नाही चाललं तर पुढे जिथे या पेशी मारल्या जातात ती प्लीहाच काढायचा विचार. “मोठी माणसं बरीच बरी होतात,” ती म्हणाली. “काहींचं पुन्हा पुन्हा उलटतं. आत्ता मला काळजी आहे ती डोक्यात रक्त उतरण्याची. डोकं दुखलं, दोन दोन दिसायला लागलं, बोलताना जीभ अडखळली, तर क्षणभर थांबायचं नाही, हाक मारायची. धक्का लागू द्यायचा नाही, कुठेही. दात घासायचे नाहीत.”

ताई आली. तिने सगळं ऐकलं, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. शेवटी म्हणाली, “पावणे, जेवलात का?” त्याला त्यात माफी ऐकू आली. त्याला ती घेववेना. ही बाई खोट्या आळाची माफी मागत होती. खऱ्या गुन्ह्याची तिला खबरच नव्हती.

वॉर्डात दुपारचं ऊन पडलं होतं. ती उशीला टेकून बसली होती, पांढरी, ओठांच्या कडांना सुकलेलं रक्त, आणि तरी डोळ्यांत जुनी खोडी. “बघा,” ती म्हणाली, “उगाच जमिनीवर झोपलात. पाठ मोडून घेतलीत.”

“डोकं दुखतंय?”

“नाही.”

“जरासंही?”

“अहो, नाही. इकडे बसा ना. एवढ्या लांबून काय बोलता, मी काय सरकारी कचेरी आहे?”

तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. आता खरंच हात लावायची भीती होती. इतके दिवस ज्या हातांवर आळ होता ते निर्दोष सुटले होते, आणि सुटले त्याच दिवशी खरेखुरे घातक झाले होते. नुसतं दंडाला धरून उठवलं तरी बोटं उमटतील. चार आणि एक. तिला सांगावं का, की बाकावर बसून मी काय मागितलं? सांगितलं तर ती तेही पोटात घालेल. तिच्या पोटात किती जागा आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं, आणि आतून तर रक्त पाझरत होतं.

नर्स आली, पोरसवदा, घाईत असलेली. पुन्हा रक्त घ्यायचं होतं. तिने कोपराच्या खोबणीत सुई घातली, नळी भरली, सुई काढली, कापसाचा बोळा ठेवला, आणि पलीकडच्या कॉटवरून कोणीतरी ओरडलं. तिकडे म्हातारा पेशंट कॉटवरून अर्धा खाली आला होता. नर्सने इकडेतिकडे पाहिलं आणि पायथ्याशी उभ्या नवऱ्याचाच हात ओढला.

“हे धरा. दाबून धरा. जोरात.”

“मी? हिला दाबायचं नाही म्हणाल्या डॉक्टर...”

“इथे दाबायचंच. नाहीतर थांबणार नाही. यांचं रक्त आपणहून थांबत नाही ना. मी सांगेपर्यंत सोडू नका, आणि उचलून बघू नका.” ती धावली.

त्याचा अंगठा कापसावर होता. चपटा, लाकडी. तो नुसता टेकला होता. कापसाच्या कडेला एक लाल रेघ उगवली आणि रुंद होऊ लागली.

“दाबा,” ती म्हणाली.

“दुखेल.”

“दुखू दे. दाबा हो.”

तिच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. क्षमाही नव्हती. ती घाबरली होती, आणि मागत होती, आणि त्याच्याकडेच मागत होती. त्याने दाबलं. चार बोटं कोपराच्या मागून आधाराला गेली आणि अंगठा पुढून रुतत गेला, जितका रुततो तितका. त्याच्या बापाचा अंगठा, त्याचा अंगठा. कातडीखाली काहीतरी बारीक, हट्टी, उडत होतं, आणि ते त्याला बाहेर ढकलत होतं, आणि तो त्याला आत. तिने ओठ चावायला दात टेकले, आणि चावायचं नाही हे आठवून तोंड नुसतंच उघडं ठेवलं. तिच्या कातडीवर त्याच्या बोटांभोवती आताच सावली धरू लागली होती. पलीकडे पडदा ओढला गेला, पडद्याआड पावलं वाढली, कोणीतरी डॉक्टरांना हाक मारा म्हणालं. नर्स परत येत नव्हती. अंगठ्याखालचा कापूस ओला आहे की त्याच्याच घामाने भिजला आहे, हे उचलल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

“थांबलं का हो?” तिने विचारलं.

तो म्हणाला, “बोलू नकोस.” आणि आणखी जोर लावला.